आमच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रिय डॉक्टर,

तुमचं नाव अजून आम्हाला ठाऊक नाही. एवढंच कळलंय की आधीच्या मॅडमचं बंधपत्राचं वर्ष संपलं, त्या पुढच्या शिक्षणाला गेल्या, आणि त्यांच्या जागी सरकारी कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं कुणीतरी येणार आहे. तुमच्यासारखेच आणखी कितीतरी जण येत्या दिवसांत कोकणात, मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारला रुजू होतील. पत्र त्या सगळ्यांसाठी आहे. पण बोलणार आहे ते आमच्या ३० खाटांच्या दवाखान्याबद्दल, कारण मी पाहिलंय ते तेवढंच.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. लिहिण्याची सवय नाही. तरी लिहायला बसलो, कारण दवाखान्याच्या व्हरांड्यात तक्रारपेटी आहे, तिला कुलूप आहे, किल्ली आहे. पण कुणी चांगलं वागलं तर ते कुठे टाकायचं याची सोय नाही. ऑर्डर येते, चार्ज दिला जातो, आणि माणूस ज्या रीतीनं काम करत होता ती रीत त्याच्या बॅगेबरोबर गाडीत बसून निघून जाते. मॅडमच्या बाबतीत तसं होऊ नये एवढीच धडपड आहे.

दसरा होऊन आठवडा झाला होता. भाताची कापणी चालू होती. सकाळी सातच्या सुमारास माझी बायको पेंढी उचलायला वाकली आणि उजव्या हाताच्या करंगळीजवळ तिला फुरसं चावलं. फुरसं लांबीला हातभरसुद्धा नसतं. आमच्या सड्यांवर, दगडांच्या गडग्यांत ते सर्रास दिसतं, म्हणून लोकांना त्याची तेवढी धास्ती वाटत नाही. "फुरसाच तर आसा," म्हणतात. पण त्याचं विष रक्ताला लागतं. रक्त गोठायचं थांबतं आणि हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून वाहत राहतं.

मी काय केलं ते सांगतो. दंडाला सुंभ आवळून बांधलं. हात ठणकत होता म्हणून शेजाऱ्याकडची अंगदुखीची गोळी दिली. आणि दवाखाना ११ किलोमीटरवर असताना तिला आधी पलीकडच्या वाडीतल्या गावठी औषधवाल्याकडे नेलं, कारण माझ्या आईला त्याच्या बापानं बरं केलं होतं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यानं मुळी उगाळून पाजली. तिला उलटी झाली. "विष भायर पडला," तो म्हणाला. यात अडीच तास गेले.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी मनाशी ठरवलं होतं की औषधवाल्याचं नाव काढायचं नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. एकदा ते तोंडातून निघालं की बोलणी खावी लागतात. "अडाणी आहात का? मग इथे कशाला आणलंत? तिकडेच ठेवायचं होतं." सगळ्या वॉर्डासमोर. हे मी दुसरीकडे दोनदा ऐकलं आहे, एकदा पोराच्या वेळी आणि एकदा भावाच्या. म्हणून माणूस खोटं बोलतो. आत्ताच चावलं, सरळ इथेच आणलं, असं सांगतो.

मॅडमनी बायकोला खाटेवर निजवलं. मनगट हातात घेतलं, नाडी बघताबघता तिला नाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, मी रागावणार नाही. चावल्यापासून आत्तापर्यंत काय काय झालं ते सगळं सांगा. काय खाल्लं, काय प्यायलं, काय बांधलं, किती वाजता. मला त्याचा उपयोग आहे."

एवढं बोलून त्या थांबल्या. मी गप्प होतो, तरी थांबल्या. घड्याळाकडे पाहिलं नाही, पेन टेबलावर आपटलं नाही. मग मी सगळं सांगितलं, वेळेसकट. सांगताना मला रडू आलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं.

त्याचा उपयोग काय होता ते नंतर त्यांनीच समजावलं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, त्यामुळे कुठली गोळी ते कळणं गरजेचं होतं. उलटी मुळीमुळे की विषामुळे हेही बघायचं होतं. सुंभ एकदम सोडलं तर अडकून राहिलेलं विष एका झटक्यात अंगभर पसरू शकतं, म्हणून औषध सुरू झाल्यावर ते हळूहळू सैल करायचं होतं. मी सकाळी सातची वेळ लपवून साडेनऊ सांगितली असती, तर त्यांचे सगळेच आडाखे चुकले असते. डॉक्टर, तुम्हाला पुस्तकात विष शिकवलं असेल, लस शिकवली असेल. माझ्यासारखा घाबरलेला, लाजलेला नवरा खरं कधी बोलतो, हे कुणी शिकवलं असेल का ते मला माहीत नाही. तो बोलला नाही तर बाकीचं शिकलेलं अर्धं कामाला येत नाही, म्हणून हे इतक्या खोलात सांगतोय.

मग त्यांनी बायकोला चूळ भरायला लावली. तसराळ्यात पडलेलं पाणी गुलाबी होतं. मी ते पाहिलं आणि माझ्या पायातलं बळ गेलं. मॅडमनी काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत थोडं रक्त काढून घेतलं आणि नळी खिडकीतल्या लाकडी ठोकळ्यात उभी केली. मला जवळ बोलावलं. "हिला २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मीपण नाही. २० मिनिटांनी एकदाच आडवी करून बघायची. रक्त गोठलेलं असलं तर जागचं हलणार नाही. ओघळलं, तर विष रक्तात भिनलंय असं समजायचं. तुम्ही घड्याळ बघा."

त्यांना दुसरं कुणी घड्याळ बघायला मिळालं नसतं असं नव्हे. सिस्टर होत्या, ब्रदर होते. पण मला काहीतरी धरायला हवं होतं, आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं. ती २० मिनिटं मी त्या नळीसमोर उभा होतो. दहा वाजून बारा मिनिटांनी मी हाक मारली. मॅडम दोन खाटा सोडून एका पोराचा ताप बघत होत्या, तिथून आल्या, नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं.

पहिल्या १० कुप्या लागल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी ती एकच लस. पांढरी पूड असते, त्यात पाणी घालून ती विरघळवायची. सिस्टर एकेक कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होत्या. मी म्हटलं, हलवा की जोरात, वेळ जातोय. मॅडमनी शांतपणे सांगितलं, "फेस आला तर औषध वाया जातं, काका." बाहेर आमचे नातेवाईक जमले होते, आणि त्यांचं एकच चाललं होतं, बांबोळीला न्या, बांबोळीला न्या. सिंधुदुर्गातल्या माणसाला जड आजार म्हटला की गोव्याचं मेडिकल कॉलेजच आठवतं. मॅडम सलाईन चालू करून बाहेर आल्या, व्हरांड्यातल्या बाकावर आमच्यामध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "पहिला डोस इथेच पूर्ण जाऊ दे. दोन तासांच्या रस्त्यात औषधाशिवाय नेणं हाच मोठा धोका आहे. मी जिल्ह्याच्या फिजिशियनशी बोलले आहे. १०८ फाटकाशी उभी करून ठेवते. लघवी कमी झाली किंवा श्वासाला त्रास झाला तर मी स्वतः तुम्हाला म्हणेन, चला." माझा मोठा मेहुणा, जो आवाज चढवायच्या बेतात होता, तो उठून चहा आणायला गेला.

सहा तासांनी पुन्हा नळी. पुन्हा ओघळलं. आणखी १० कुप्या. त्यानंतरची नळी रात्री पावणेअकराला बघायची होती. मॅडमची ड्यूटी आठला संपली होती, दुसरे डॉक्टर हजर होते. तरी पावणेअकराला त्या क्वार्टरवरून आल्या, घरातल्या कपड्यांत, पायात स्लिपर. नळी आडवी केली. रक्त जागच्या जागी. त्यांनी ती नळी आधी बायकोच्या डोळ्यांसमोर धरली, मग माझ्या. "बघा काकी, थांबलं." लातूरकडच्या त्या, सकाळी काकू म्हणत होत्या, संध्याकाळपर्यंत आमच्यासारखं काकी म्हणायला लागल्या होत्या. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

आता तुम्ही म्हणाल, काका, एवढा वेळ एकेका पेशंटला दिला तर ओपीडीचं काय? रास्त आहे. माझी भाची नर्सिंग शिकते. तिनं मला २०१७ सालच्या एका पाहणीबद्दल सांगितलं. ६७ देशांत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो ते त्यात जमा केलं होतं. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटं. आमच्या बाजाराच्या दिवशी ओपीडीची रांग बघितली की दोन मिनिटंही जास्तच वाटतात.

गर्दीचं मला कळतं. गणपतीत ५५ जागांच्या गाडीत ९० माणसं घेऊन मी घाट चढलो आहे. पुढच्या थांब्याच्या आत सगळ्यांची तिकिटं व्हायला हवीत. अशा वेळी मी चेहरे बघायचो नाही, नुसते पुढे आलेले हात बघायचो. हात, पैसे, तिकीट, पुढचा हात. वर्षानुवर्षं असं केलं की गर्दी नसली तरी मान वर होत नाही. एकदा एका बाईनं चुकीच्या गाडीचं तिकीट काढलं, मी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर ती भांबावली आहे हे मला कळलं असतं. ती रात्रीची दुसऱ्याच गावात उतरली. ते मला अजून टोचतं. म्हणून तुमच्या गर्दीला मी नावं ठेवत नाही. फक्त सांगतो की मॅडमसुद्धा त्याच दोन मिनिटांतल्या होत्या. त्यांनी वेळ वाढवला नव्हता. रुग्ण समोर बसला की पहिलं अर्धं मिनिट त्या लिहीत नसत, फक्त बघत आणि ऐकत. बाकीची धावपळ तशीच असे.

त्या अर्ध्या मिनिटात काय काय सापडलं ते गावात विचारा. आमच्या वाडीतला एक गडी ताप आणि पोटऱ्या दुखतात म्हणून गेला. मॅडमनी विचारलं, लावणीला चिखलात अनवाणी उतरला होतात का, पायाला चीर आहे का. चीर होती. चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचं औषध त्याच दिवशी सुरू झालं. एका म्हातारीनं आठ महिने प्रत्येक डॉक्टरला एकच सांगितलं होतं, "माका कसातरीच होता," आणि प्रत्येकानं तिला ॲसिडिटीची गोळी दिली होती. मॅडमना मालवणी कळत नव्हती, म्हणून त्यांनी विचारलं, आजी, कसंतरी म्हणजे कुठे, केव्हा, काय करताना? चढ चढताना, छातीत. त्यांनी लगेच ईसीजी काढला. भाषा न कळणं हे त्यांच्या उपयोगी पडलं, कारण त्यांनी कळल्यासारखं केलं नाही.

आणि एक मरणही मी तिथे पाहिलं. बायकोच्या वॉर्डाला लागूनच पुरुषांचा वॉर्ड. एक वयस्क कोळी, दम्यानं खंगलेला, तिसऱ्या रात्री गेला. मुलगा बाहेर बाकावर झोपला होता. मॅडमनी त्याला उठवलं, तोंड धुवायला सांगितलं, आपल्या खोलीत नेऊन बसवलं, स्वतः बाजूच्या खुर्चीवर बसल्या. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. "तुमचे बाबा वारले. वीस मिनिटांपूर्वी. आम्ही काय काय केलं ते मी तुम्हाला सांगते. मध्ये काही विचारावंसं वाटलं तर विचारा." एक्स्पायर झाले, रिस्पॉन्स नाही, असलं काही नाही. वारले.

माझे वडील गेले तेव्हा मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होतो. कुठलं ते सांगण्यात आता अर्थ नाही. सकाळी मी पेज घेऊन वर गेलो, तर खाटेवरची चादर बदलत होते. मी विचारलं, इथले पेशंट कुठे हलवले? चादर घालणाऱ्या मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि ती रडायला लागली. मला माझ्या बापाचं मरण असं कळलं. त्याला २२ वर्षं झाली. मॅडमचं ते एक वाक्य ऐकताना, त्या कोळ्याच्या पोराचा मला हेवा वाटला. मरणाच्या बातमीचा कुणाला हेवा वाटू शकतो हे त्याआधी मला खरं वाटलं नसतं.

या कोकणातच, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण सरकारी डॉक्टर रुजू झाला होता. डॉ. हिंमतराव बावस्कर. तेव्हा लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. ते खाटेशी रात्रभर बसून बघत राहिले, घाम केव्हा फुटतो, हात केव्हा गार पडतात, दम केव्हा लागतो, आणि सगळं टिपून ठेवत गेले. त्यातूनच पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध विंचवाच्या विषावर चालतं हे त्यांनी दाखवलं, आणि १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही हे शिकला असाल. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की ज्या दवाखान्यात दुसरं काहीही नव्हतं तिथे त्यांनी खाटेशी बसणं हेच साधन केलं. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यांतली, आणि पुष्कळ जण तर दवाखान्यात पोचलेच नाहीत. त्याला रस्ते, गाड्या, गैरसमज अशी अनेक कारणं आहेत. पण दवाखान्यात बोलणी बसतील ही भीतीही त्यात आहे, हे मी स्वतःवरून सांगतो. माझी बायको दवाखान्यातून घरी आल्यापासून आमच्या तीन वाड्यांतली माणसं सरळ तिकडे जातात. औषधवाला स्वतः त्याच्या सुनेला घेऊन गेला.

मॅडम देवी नव्हत्या. एकदा औषधांच्या खिडकीवरच्या मुलावर त्या फार चिडल्या, अर्ध्या तासानं येऊन सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. दुपारचं जेवण त्यांचं फार उशिरा व्हायचं आणि तेव्हा त्यांना कुणी बोलवलेलं आवडायचं नाही. दारू पिऊन आलेल्या एका नातेवाइकानं त्यांना घाणेरडं बोलून घेतलं, त्या दिवशी त्या खोलीचं दार लावून बसल्या होत्या. आम्ही गावकरी दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घेऊन गेलो. त्याच दिवशी आम्ही तिथे असायला हवं होतं. तुमच्यावर तशी वेळ आली तर आम्ही वॉर्डातच उभे राहू, हे मी आमच्या सरपंचांना विचारून लिहितोय.

तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. दुपारी चार ते साडेचार मॅडम नातेवाइकांना भेटायच्या, खाटेच्या नंबरानं, एकेकाला. ते चालू ठेवा. दोन्ही वॉर्डांत मिळून एक लोखंडी स्टूल आहे, तपासताना त्या त्यावर बसायच्या. ते ऑक्सिजनच्या नळकांड्यामागे असतं, मागितल्याशिवाय कुणी काढून देणार नाही. त्यावर बसा. आणि सर्पदंशाचं माणूस आलं की आधी सांगा, मी रागावणार नाही.

तुम्ही बहुधा पावसात याल. कुडाळ स्टेशनावर उतरलात तर रिक्षावाल्याच्या नादी लागू नका, स्टँडवरून आमच्याकडे येणारी गाडी आहे, ती दवाखान्याच्या दारातच थांबते. छत्री आमच्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट आणा. समोरच्या खानावळीत रात्री साडेआठनंतर काही मिळत नाही; मॅडमना ते ठाऊक नव्हतं आणि पहिला महिना त्या बिस्किटांवर राहिल्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. माझी बायको म्हणते, संध्याकाळच्या गाडीनं डबा पाठवता येईल, वाहक माझ्या ओळखीचा आहे. मासे खाता की नाही तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
सिंधुदुर्ग